विवाह आणि कुटुंब थेरपीच्या अमेरिकी पदवीविषयी, घाटंजीच्या एका समुपदेशक ताईंना

ताई, तुम्ही घाटंजी तालुक्यात महिला समुपदेशन केंद्रात काम करता, अमरावती विद्यापीठातून एमएसडब्ल्यू केले आहे, आणि अमेरिकेत विवाह व कुटुंब थेरपीची मास्टर्स पदवी घेऊन पुन्हा विदर्भातच काम करता येईल का, असे विचारले आहे. मी मूळची वणीकडची आणि याच क्षेत्रात कॅलिफोर्नियात काम करते. परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देत असल्यामुळे परवान्याबाबतचे पुढचे आकडे कॅलिफोर्नियापुरते समजावेत.

पदवी मिळाली की लगेच स्वतंत्रपणे थेरपी करता येते, असा समज आपल्याकडे आढळतो. तो आधी सोडून द्या. अभ्यासक्रम 60 क्रेडिटचा, साधारण दोन ते तीन वर्षांचा असतो. परवान्यासाठी त्याशिवाय देखरेखीखाली केलेले 3,000 तासांचे काम, 104 आठवड्यांचे सुपरव्हिजन आणि दोन परीक्षा लागतात. पदवीपूर्वीचे जास्तीत जास्त 1,300 तास धरले जातात, म्हणजे निदान 1,700 तास पदवीनंतरच भरावे लागतात. हे गणित व्हिसाशी जुळवून पाहा. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसा; त्यावरच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीखाली 12 महिने काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी 24 महिन्यांची मुदतवाढ या विषयाला मिळत नाही. कागदावर 1,700 तास वर्षात बसतात, पण नोकरी मिळेपर्यंतचे आठवडे, ठरलेल्या वेळी न येणारी कुटुंबे आणि सुट्ट्या धरल्या तर बहुतेकांचे तास अपुरे राहतात. त्यानंतर राहायचे असेल तर एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी प्रायोजक (नोकरी देणारी संस्था) लागतो आणि सहसा लॉटरीतून जावे लागते. विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था त्या लॉटरीतून वगळलेल्या आहेत, म्हणून नोकरी शोधताना त्यांच्याकडे आधी पाहावे.

तुमचे यजमान एफ-2 व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, सोबत आले तर त्यांना तिथे नोकरी करता येणार नाही. या विषयात शिष्यवृत्त्या थोड्या आहेत आणि पदवीनंतर असोसिएट (परवान्याचे तास भरणारा थेरपिस्ट) म्हणून मिळणारा पगार बेताचा असतो. त्यामुळे तिथल्या कमाईतून फेडू या भरवशावर वावर गहाण टाकू नका, हे मी कळकळीने सांगते. कपाशीचे एक वर्ष बुडाले तर घरावर काय गुदरते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शिक्षण मात्र मनापासून घेण्यासारखे आहे. विद्यार्थ्याने घेतलेल्या सत्राचे चित्रीकरण सुपरव्हायझर पाहतात, काही ठिकाणी एकतर्फी काचेमागे बसून ते सत्र चालू असतानाच सूचना देतात, आणि कोणता प्रश्न का विचारला याचा जाब द्यावा लागतो. तीन पिढ्यांचा जिनोग्राम, म्हणजे कुटुंबाचा नकाशा, काढताना नात्यांबरोबर दारू, आजार, अकाली मृत्यू यांची नोंद होते. कास्तकाराच्या घरासाठी त्यात कर्ज आणि जमिनीची वाटणीही लिहिली, तर सासू-सुनेचा म्हणून आलेला वाद पुष्कळदा भावाभावांतल्या हिश्श्यापाशी जाऊन पोचतो. कुटुंब थेरपीच्या आद्य प्रवर्तकांपैकी साल्वाडोर मिनुचिन यांची कुटुंबातील सीमारेषांची (कोणी कोणाच्या किती जवळ असावे याची) मांडणी जरूर शिका, पण एकत्र कुटुंबातली जवळीक हा आपोआप दोष मानू नका. वर्गात हे तुम्हालाच बोलून दाखवावे लागेल.

आपल्या केंद्रांत आणि कौटुंबिक न्यायालयात भर समेटावर असतो. 1984 चा कौटुंबिक न्यायालय कायदाच न्यायालयाला समेटाचे प्रयत्न करायला सांगतो. थेरपीत जोडपे एकत्र राहिलेच पाहिजे असे आधी ठरवलेले नसते. शिवाय दोघांना समोरासमोर बसवण्यापूर्वी प्रत्येकाशी एकट्याने बोलून मारहाणीची चौकशी करायला शिकवले जाते, कारण नवऱ्यादेखत बाईने खरे सांगितले तर त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमात तुमच्या केंद्राला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे.

परत आल्यावर या पदवीमुळे भारतात वेगळा परवाना मिळत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी आहे, कुटुंब थेरपिस्टसाठी नाही; विद्यापीठात किंवा शासकीय सेवेत जायचे झाल्यास 2025 च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाकडून (यूजीसी) पदवीची समकक्षता घ्यावी लागते. विदर्भातच काम करण्याचा निश्चय पक्का असेल, तर आधी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील फॅमिली सायकिअॅट्री सेंटरमधल्या प्रशिक्षणाची चौकशी करा. मी तुमच्या जागी असते तर अमेरिकेपूर्वी तोच मार्ग चाचपला असता.

तरीही अमेरिकेचेच ठरले, तर सीओएएमएफटीई, म्हणजे या विषयाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी मंडळाची, मान्यता असलेलाच अभ्यासक्रम निवडा, कारण पुढे राज्य बदलताना तिचा आधार होतो. अर्ज करण्यापूर्वी विभागप्रमुखांना लिहून विचारा की प्रॅक्टिकमची (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची) जागा विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने शोधायची, जोडपी आणि कुटुंबे प्रत्यक्ष किती भेटतात, आणि एफ-1 वरच्या मागील विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे तास पूर्ण झाले. प्रॅक्टिकमसाठी सीपीटी, म्हणजे शिकत असतानाची कामाची परवानगी, घ्यावे लागले तर ते अर्धवेळच ठेवा. पूर्णवेळ सीपीटी 12 महिने झाले की ओपीटीचा हक्क जातो.