एमजीबीचा गिअरबॉक्स, मुदत ठेव आणि नंबरप्लेट

प्रश्न : मी ५१ वर्षांचा असून नेरुळला राहतो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कंपनीत नोकरी करतो. काकांकडून आलेली १९७१ सालची एमजीबी रोडस्टर ही उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी माझ्याकडे आहे. दुसरा गिअर उतरताना खरखरतो आणि द्रुतगती मार्गावर इंजिनाचा आवाज असह्य होतो. माझ्याकडे तीन दरपत्रके आहेत : आहे त्याच चार गिअरच्या बॉक्सची दुरुस्ती १ लाख १५ हजार रुपये, त्या काळचा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडणी) बसवलेला, नव्याने बांधलेला मूळ प्रकारचा गिअरबॉक्स ४ लाख २० हजार, आणि परदेशातून मागवायचा आधुनिक पाच गिअरचा किट, जोडणीसह ६ लाख ४० हजार. शेवटच्या पर्यायासाठी ८ लाखांची मुदत ठेव मोडावी की गृहकर्जावर टॉप-अप (वाढीव कर्ज) घ्यावे? गाडीची किंमत वाढत असल्याने ही गुंतवणूकच ठरेल, असे मला वाटते. गाडीची व्हिंटेज नोंदणी करण्याचाही विचार आहे. हातात येणारा पगार १ लाख ६५ हजार, घरखर्च ८५ हजार, गृहकर्जाचा हप्ता ३८ हजार, एसआयपी २५ हजार. दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार बोनस मिळतो. मुलगी अकरावीत आहे. तिच्या शिक्षणाचे १२ लाख वेगळे ठेवले आहेत.

उत्तर : आपण आकडे मोकळेपणाने आणि पूर्ण दिलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. ठेव मोडू नये, टॉप-अप घेऊ नये, आणि पाच गिअरचा किट तूर्त मागवू नये. गाडीवर खर्च करूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. वारशाने आलेले यंत्र चालते ठेवावेसे वाटणे रास्तच आहे. त्यासाठी पैसा कोठून आणि कधी काढायचा, एवढाच प्रश्न आहे.

ठेवीपासून सुरुवात करू. घरखर्च आणि हप्ता मिळून आपल्याला महिन्याला १ लाख २३ हजार लागतात. सहा महिन्यांची तरतूद म्हणजे ७ लाख ३८ हजार. याचा अर्थ आपली ८ लाखांची ठेव ही शिलकीची रक्कम नसून आपला आकस्मिक निधी आहे, आणि तोही जेमतेम पुरेसा. त्यातून ६ लाख ४० हजार काढले तर उरलेल्या रकमेत दीड महिनाही निघणार नाही. पन्नाशीनंतर नोकरी गेली तर दुसरी मिळायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच काळात मुलीचा प्रवेश येणार आहे.

टॉप-अप कर्ज वरवर स्वस्त दिसते, कारण हप्ता लहान असतो. दर ९ टक्के आणि मुदत १० वर्षे धरली तर हप्ता सुमारे ८,१०० रुपये येतो आणि एकूण परतफेड ९ लाख ७० हजारांच्या पुढे जाते. म्हणजे व्याजापोटी सव्वातीन लाखांहून अधिक रक्कम गेली. ही रक्कम घरासाठी वापरलेली नसल्यामुळे गृहकर्जाच्या व्याजावरील करसवलतही तिला लागू होणार नाही. शिवाय आपले मूळ गृहकर्ज येत्या काही वर्षांत संपत असताना त्याच घरावर वयाच्या ६१ व्या वर्षापर्यंत चालणारा नवा बोजा चढवणे मला अजिबात पटत नाही.

आता ‘गुंतवणूक’ या मुद्द्याकडे वळतो. वैयक्तिक वापराची मोटार ही आयकर कायद्यानुसार भांडवली मालमत्ता मानली जात नाही, त्यामुळे ती विकून झालेल्या नफ्यावर सहसा भांडवली नफा कर लागत नाही. पण त्याच कारणाने तिच्यावर केलेला खर्च किंवा झालेला तोटाही कोठे वजा दाखवता येत नाही. जुन्या गाडीचा हौशी खरेदीदार प्रामुख्याने मूळपणाचे पैसे देतो. गाडीत बसवलेला परका गिअरबॉक्स एखाद्याला सोय वाटेल, तर दुसरा त्याच कारणासाठी किंमत पाडून मागेल. म्हणून विकताना हे ६ लाख ४० हजार परत मिळतील असे गृहीत न धरता हा निव्वळ हौसेचा खर्च समजावा. इंधनबचतीचेही तेच. वर्षाला महामार्गावर १,५०० किलोमीटर फिरणे होईल आणि लिटरला ९ ऐवजी १० किलोमीटर पडतील असे धरले, तर १७ लिटरही पेट्रोल वाचत नाही. लिटरला १०५ रुपये धरले तरी वर्षाची बचत पावणेदोन हजारांच्या आसपास राहते.

व्हिंटेज नोंदणीचा मुद्दा मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर बाकीचा निर्णय अवलंबून आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या खासगी गाडीला नंबरप्लेटसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र मालिका मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षे चालते. परंतु अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी सहज लोणावळ्याला जाणे त्यात बसत नाही. मग ज्या गाडीला द्रुतगती मार्गावर नियमित जायचेच नाही, तिला महामार्गासाठीचा गिअरबॉक्स कशाला? त्याच नियमांत गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. गिअरबॉक्सचा त्यात नावाने उल्लेख नाही. पण एमजीबीला वेगळी चासी नसते, तिचा सांगाडा आणि बॉडी एकच असते, आणि काही किट बसवताना मधला टनेल (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) कापावा किंवा ठोकून रुंद करावा लागतो. तो कापला की बदल बॉडी शेलमध्ये झाला. तेव्हा गाडी फिरवायची की व्हिंटेज म्हणून नोंदवायची, हे आधी ठरवा. आणि नोंदवायची असल्यास नवी मुंबईच्या आरटीओत लेखी चौकशी केल्याशिवाय कोणतीही आगाऊ रक्कम देऊ नका.

गाडी फिरवायची असे आपण ठरवाल, असे आपल्या पत्राच्या सुरावरून वाटते. तसे असेल तर त्या काळचा ओव्हरड्राइव्ह मला अधिक शहाणपणाचा पर्याय दिसतो. लेकॉक कंपनीचा हा ओव्हरड्राइव्ह एमजीबीला कारखान्यातूनच पर्याय म्हणून मिळत असे, त्यामुळे गाडीच्या मूळपणाला धक्का लागत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाला साध्या चौथ्या गिअरमध्ये या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण ३,४५० फेरे घेते. ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तर ०.८२ च्या आसपास असल्याने तेच फेरे सुमारे २,८०० वर येतात. या गाड्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाच गिअरच्या बॉक्सचा पाचवा गिअरही जवळपास याच गुणोत्तराचा असतो. शिवाय त्या काळातला ओव्हरड्राइव्ह एका स्विचने तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही गिअरमध्ये लागतो, हे घाट चढताना उपयोगी पडते. पाच गिअरच्या नव्या बॉक्सचे गिअर हलके पडतात आणि त्याचे सुटे भाग नवे असतात, हा त्याचा खरा फायदा आहे. पण त्यासाठी २ लाख २० हजार जास्त मोजण्याइतका तो मोठा नाही.

इथे एक हिशेब नीट मांडायला हवा. दुसऱ्या गिअरची खरखर बहुधा झिजलेल्या सिंक्रो रिंगमुळे (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कडीमुळे) आहे, म्हणजे १ लाख १५ हजारांची दुरुस्ती आज ना उद्या करावीच लागेल. त्यामुळे ओव्हरड्राइव्हची खरी जादा किंमत ३ लाख ५ हजार ठरते. आधी दुरुस्ती आणि दोन वर्षांनी ओव्हरड्राइव्ह असे केले तर मात्र दुरुस्तीचे पैसे वाया जातील, आणि या गाडीत गिअरबॉक्स काढायचा तर सहसा इंजिनासह काढतात, त्यामुळे ती मजुरीही दोनदा पडेल. म्हणून मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा : आहे तो बॉक्स दोन वर्षे तग धरेल का? खरखर फक्त दुसऱ्या गिअरपुरती असेल, बेअरिंगचा घरघराट नसेल आणि तेलाची पातळी राखली जात असेल, तर दोनदा क्लच दाबून गिअर उतरवत गाडी जपून चालवता येते. बेअरिंग गेली असतील, तर द्रुतगती मार्ग बंद ठेवा आणि गाडी जवळच्या जवळ फिरवा.

पैसे असे जमवावेत. सर्व वजा जाता आपल्याकडे महिन्याला १७ हजार उरतात. त्यातले १२ हजार स्वतंत्र आवर्ती ठेवीत टाकले तर दोन वर्षांत २ लाख ८८ हजार होतात. पहिल्या बोनसमधले १ लाख १० हजार आणि व्याज धरून ४ लाख २० हजारांच्या आसपास पोचता. दुसऱ्या बोनसमधली तेवढीच रक्कम जादा खर्चासाठी राखून ठेवा, कारण तो होणारच. गिअरबॉक्स उतरला की क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलणे योग्य. स्पीडोमीटरही नव्या बॉक्सशी जुळवून घ्यावा लागेल. माल परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, वाहतूक आणि विमा धरलेल्या किमतीवर आकारले जाते, आणि त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो. खासगी ग्राहकाला त्याची वजावट मिळत नाही. दरपत्रकात हे सर्व धरले आहे का, हे लेखी घ्या. दोन वर्षांत मुलीचा प्रवेशही पार पडलेला असेल, आणि १२ लाख पुरले की नाही हे कळलेले असेल. कमी पडले तर गाडीचा निधी आधी तिकडे वळवावा लागेल, हे आजच मनाशी ठरवून ठेवा. एसआयपी मात्र कोणत्याही कारणाने थांबवू नका.

या दोन वर्षांत गाडीवर थोडा खर्च करायचाच असेल तर तो खालच्या बाजूला करा. रोडस्टरला छताचा आधार नसल्याने दारांखालच्या सिल्सवर (पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांवर) गाडीची सगळी मजबुती असते, आणि खाडीकाठच्या खारट, दमट हवेत, त्यातही उघड्या पार्किंगमध्ये, गंज तिथे आतून धरतो. पावसाळ्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन सिल्स तपासून घ्या. त्या सडलेल्या निघाल्या तर गिअरबॉक्सचा निधी त्यांच्याकडे जाईल, कारण त्या सुरक्षिततेचा भाग आहेत. आता पंपांवर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे सील खराब होऊ शकतात. तेही इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या. हा खर्च त्या मानाने किरकोळ आहे आणि आग लागण्याचा धोका टाळतो.

काम होईल तेव्हा विमा कंपनीला बदलाची लेखी सूचना द्या. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे बिले आणि छायाचित्रे जोडून ते त्याच वेळी सुधारून घ्या. काढलेला जुना गिअरबॉक्स बदल्यात देऊन दहा-वीस हजार वाचवण्याचा प्रस्ताव येईल. तो स्वीकारू नका. तेल भरून, तोंडे बंद करून तो कोरड्या जागी ठेवा आणि गाडी कधी विकलीत तर तिच्यासोबतच द्या.