वाचकांचे प्रश्न : पन्नास प्रतींपैकी मूळ कोणती?

प्रश्न : लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये २०२४-२५ साली भरलेले पिकासोच्या मुद्राचित्रांचे प्रदर्शन मी पाहिले. एकाच चित्राच्या पन्नास प्रती छापल्या जात असतील, तर मूळ चित्र म्हणायचे कशाला? प्रतींवर १२/५० असे आकडे घालतात, त्यांचा अर्थ काय? आणि अशा दालनात इतका मंद उजेड का ठेवतात?
– एक वाचक, लंडन

उत्तर : पन्नासही प्रती मूळच. आधी कुंचल्याने रंगवलेल्या चित्राची ती नक्कल नसते. चित्रकार धातूच्या पत्र्यावर किंवा लिनोलियमवर (जमिनीवर अंथरतात त्या मऊ, कोरता येणाऱ्या पदार्थावर) कोरतो, आणि कागदावर छाप उठते तेव्हाच चित्र पूर्ण होते.

पिकासोचे दिव्याखालच्या पेल्याचे आणि फळांचे १९६२चे लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून छापलेले चित्र, पाहा. अशा चित्रात एकच लिनोचा तुकडा वापरतात. त्यावर पिवळी शाई फिरवून ठरलेल्या सर्व कागदांवर छाप घ्यायची, जिथे पिवळा रंग तसाच राहायला हवा तेवढा भाग कोरून काढायचा, मग त्याच कागदांवर पुढचा, अधिक गडद रंग चढवायचा, असे करत काळ्यापर्यंत जायचे. कागद केसभर सरकला तरी रंगाची कड फाटते. काळा छापून होईपर्यंत बहुतेक लिनो कोरला गेलेला असतो, त्यामुळे एक्कावन्नावी प्रत हवी म्हटले तरी काढता येत नाही.

१२/५० मधला मागचा आकडा आवृत्तीतील एकूण प्रतींचा आणि पुढचा त्या प्रतीचा. तो बहुधा छपाईचा क्रम दाखवत नाही, म्हणून ३/५० ही प्रत ४७/५० पेक्षा सरस, असे मानण्यात अर्थ नाही. सहीचेही तसेच. आम्ब्रवाज व्होलार या चित्रविक्रेत्यासाठी पिकासोने १९३० ते १९३७ या काळात शंभर चित्रे कोरली. १९३९मध्ये व्होलार अपघातात गेला आणि त्या संचातील अनेक प्रतींवर पिकासोने सही केली ती कित्येक वर्षांनंतर. सही नसलेल्या प्रतीही त्याच पत्र्यांवरच्या आहेत. बाजारात सहीला भाव येतो, हा भाग निराळा.

उजेडाचे कारण कागद आहे. प्रकाशाने कागद पिवळतो, काही शाया फिकटतात, आणि झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून अशा दालनांत साधारण ५० लक्सच (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवतात. आत शिरल्यावर लगेच चित्राकडे न वळता दोन-चार मिनिटे थांबावे. डोळे सरावले की बारीक रेघाही दिसू लागतात.