'बोची द रॉक!' ही जपानी ॲनिमेशन मालिका पहिल्यांदा बघतेयस ना?

पहिल्याच भागात लोकांना घाबरणारी नायिका हितोरी आंब्याच्या खोक्यात शिरून गिटार वाजवते, तिथे वैतागून बंद करू नकोस. मूळ मांगा (जपानी कॉमिक) चार चौकटींचा, म्हणून विनोद धडाधड येतात. मध्येच चित्रशैली बदलते, हितोरी चक्क वितळते. तिच्या धास्तीचं ते रूप. 2022 ची मालिका आहे, 12च भाग. जपानी आवाजातच बघ, ते किंचाळणं सोडू नये असं! आठव्या भागाला मात्र हेडफोन हवाच. हितोरीच्या बँडच्या कार्यक्रमाला वादळामुळे प्रेक्षक मोजकेच, पहिलं गाणं मुद्दाम डळमळीत वाजवलंय, आणि मग एकदम हितोरीची गिटार. हितोरीच्या बँडमधल्या चौघींची आडनावं 'एशियन कुंग-फू जनरेशन' या जपानी बँडच्या सदस्यांची आहेत. त्यांचीही गाणी ऐक.