कॅनडात डिप्लोमा संपल्यावर वर्क परमिटसाठी अर्ज कधी करायचा आणि तोवर काम करता येतं का?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: सरकारी कॉलेजातला दोन वर्षांचा डिप्लोमा एप्रिलमध्ये संपतोय, स्टडी परमिटवर ३१ ऑगस्ट तारीख आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की "१८० दिवस आहेत, निवांत करा."

निवांत करू नका. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर वर्क परमिटच्या अर्जाला १८० दिवस मिळतात हा नियम खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं कॉलेजने पहिल्यांदा लेखी कळवलं (ईमेल, पत्र किंवा ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रक, जे आधी येईल ते) की तिथून ९० दिवसांनी स्टडी परमिट आपोआप निकामी होतं, त्यावर छापलेली तारीख पुढची असली तरीही. समजा पत्र ५ मे रोजी आलं, तर तुमचं परमिट ३ ऑगस्टला संपलं. ३१ ऑगस्ट विसरा. १८० दिवस १ नोव्हेंबरला भरतील, पण ३ ऑगस्टनंतर अर्ज करायचा तर आधी स्टेटस (कॅनडात राहण्याची कायदेशीर मुभा) परत मिळवण्याचा वेगळा अर्ज आणि वेगळी फी, नाहीतर देशाबाहेर जाऊन अर्ज. शिवाय त्या काळात काम बंद.

कामाचा मुद्दा इथेच येतो. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं पत्र हातात पडलं की आठवड्याला २४ तासांची ऑफ-कॅम्पस, म्हणजे कॉलेजबाहेर काम करण्याची, सवलत संपते. पत्र आणि अर्ज यांच्यामधल्या दिवसांत शिफ्ट घेऊ नका, एकही नाही. परमिट चालू असतानाच वर्क परमिटचा अर्ज भरलात तर मात्र त्या दिवसापासून निर्णय येईपर्यंत फुल-टाइम काम करता येतं. अट एवढीच की शिकताना ऑफ-कॅम्पस कामाची पात्रता होती आणि तासांची मर्यादा मोडलेली नाही. म्हणून पत्र आलं की त्याच आठवड्यात अर्ज जायला हवा. दीक्षान्त समारंभाची वाट पाहायची गरज नाही. पूर्ण झाल्याचं अधिकृत पत्र आणि ट्रान्सक्रिप्ट, दोन्ही जोडली की पुरतं.

त्याच आठवड्यात अर्ज जायचा तर दोन गोष्टी शेवटच्या सेमिस्टरमध्येच उरकलेल्या हव्यात.

पहिली, भाषेची परीक्षा. १ नोव्हेंबर २०२४ पासून निकाल जोडणं बंधनकारक आहे: कॉलेज डिप्लोमाला सीएलबी (कॅनडाची भाषा-पातळी मोजायची पट्टी) ५, विद्यापीठाच्या पदवीला सीएलबी ७. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, कारण प्रवेशासाठी दिलेली आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक इथे चालत नाही. आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेलपिप जनरल किंवा पीटीई कोअर द्यावी लागते, आणि अर्ज करताना निकाल दोन वर्षांच्या आतला हवा. आयईएलटीएसमध्ये सीएलबी ५ म्हणजे रीडिंगला ४, बाकी तिन्हींना ५. सीएलबी ७ म्हणजे चारही भागांत किमान ६. सरासरी धरत नाहीत, एक भाग घसरला तरी अडचण. कॉलेजवाल्यांना आणखी एक फाटा आहे: स्टडी परमिटचा अर्ज १ नोव्हेंबर २०२४ किंवा त्यानंतर केला असेल, तर तुमचा विषय पात्र विषयांच्या यादीत आहे का ते आधी बघा. बॅचलर्स, मास्टर्स, पीएचडीला ही अट नाही.

दुसरी, पासपोर्ट. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीन वर्षांचं परमिट मिळतं, पण पासपोर्टच्या तारखेपलीकडे ते देत नाहीत. पासपोर्टला चौदा महिने उरले असतील तर परमिटही चौदा महिन्यांचं. उरलेला काळ नंतर मागता येतो, पण ते शेपूट कशाला ठेवायचं? आधी नूतनीकरण करा. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं हेही लक्षात असू द्या.

अर्ज आयआरसीसीच्या (कॅनडाचं इमिग्रेशन खातं) वेबसाइटवरच्या ऑनलाइन अकाउंटमधून, फॉर्म आयएमएम ५७१०. परमिटच्या प्रकारात पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट निवडा. फी २५५ कॅनेडियन डॉलर, म्हणजे १५५ वर्क परमिटचे आणि १०० ओपन वर्क परमिटचे (हे परमिट ओपन असतं, म्हणजे एकाच मालकाशी बांधलेलं नसतं). हे १०० भरायचे राहून जातात आणि अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. तोवर ते ९० दिवस उलटले असतील तर मोठाच घोळ. बायोमेट्रिक्स मागितले तर ८५ वेगळे. मधल्या एखाद्या सेमिस्टरला पार्ट-टाइम होतात किंवा सुट्टी घेतली होती, तर कारण लिहून कॉलेजचं पत्र जोडा. फक्त शेवटचं सेमिस्टर पार्ट-टाइम असेल तर हरकत नसते.

पूर्वी अमेरिकेच्या सीमेवर जाऊन लगेच परमिट घेऊन यायची पळवाट होती. २१ जून २०२४ पासून या परमिटसाठी ती बंद आहे, त्यामुळे तसं सुचवणाऱ्याचं ऐकू नका.

परमिट आलं की सिन नंबरची (कॅनडात नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर) मुदत वाढवून घ्या, कारण ९ ने सुरू होणारा नंबर जुन्या परमिटच्या तारखेलाच संपतो. आणि वर्क परमिट म्हणजे व्हिसा नव्हे: भारतात येऊन परत जायचं असेल तर पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख तिकीट काढण्याआधी बघा.