झाड जिवाणू ‘ओळखतं’ असं म्हणावं का?

प्रश्न असा: ‘वनस्पती जिवाणूंना ओळखतात’ हे वाक्य विज्ञानलेखात चालेल का? ओळखायला मन लागतं, तेव्हा ‘वनस्पतींना जिवाणूंची जाणीव होते’ असं लिहिणं बरं नाही का?

माझं मत स्पष्ट आहे: ‘ओळखतात’ हेच लिहा. मन आडून शिरतं ते ‘जाणीव’मधून.

मराठीत ओळखणं हे कशावरून तरी असतं. पाऊल वाजलं की माणूस ओळखता येतो, तो अख्खा समोर यावा लागत नाही. झाडाच्या पेशीचंही तसंच. जिवाणूच्या कशाभिकेत, म्हणजे पोहण्याच्या शेपटीत, फ्लॅजेलिन हे प्रथिन असतं आणि त्यातल्या अवघ्या २२ अमिनो आम्लांच्या तुकड्यावरून पेशीला खूण पटते. ती पटवणारा एफएलएस२ हा ग्राही, म्हणजे खूण टिपणारं पेशीवरचं प्रथिन, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या थॉमस बोलर यांच्या गटाने २००० साली ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात शोधला. खूण पटताच काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगं तयार होतात, पर्णरंध्रं मिटू लागतात.

ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या फ्लॅजेलिनमध्ये हाच तुकडा इतका निराळा आहे, की एफएलएस२ला तो ओळखू येत नाही. पण ॲराबिडॉप्सिस त्याच जिवाणूला ईएफ-टीयू या दुसऱ्या प्रथिनावरून पकडतं. त्यासाठीचा ईएफआर हा ग्राही टोमॅटोत मुळात नाही. २०१० साली तो टोमॅटोत घातल्यावर मर रोगाच्या राल्स्टोनिया जिवाणूला रोपं पूर्वीइतकी दाद देईनाशी झाली. कोण, कुणाला, कशावरून, हे तिन्ही इथे नेमकं सांगता येतं. ‘जाणीव होते’ म्हटलं की त्यातलं ‘कशावरून’ गळतं, आणि या विषयाचा सगळा गाभा तिथेच आहे.

एक पथ्य मात्र पाळा. ‘ओळख ठेवतात’ असं लिहू नका. लस घेतल्यावर आपल्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, तशी वनस्पतींमध्ये होत नाहीत. हे ग्राही जनुकांतून, बियाण्याबरोबरच येतात. म्हणून या प्रतिकारशक्तीला मी ‘उपजत’ म्हणेन. ‘जन्मजात’ चूक नाही, पण तो शब्द व्यंगाशी आणि आजाराशी फार जोडला गेला आहे.

तुमचं वाक्य मी असं करेन: ‘झाडाची पेशी फ्लॅजेलिनच्या एका तुकड्यावरून जिवाणू ओळखते.’