पहिले हवामान केंद्र घेताना

घरी हवामानाच्या नोंदी ठेवण्याचे आपण ठरवले, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र वारा, अतिनील किरणे, मोबाइल जोडणी असे सारे एकत्र देणारा महागडा संच आत्ताच घेऊ नका. पाऊस आणि तापमान ही दोनच मोजमापे नीट जमली, तरी पहिला पावसाळा सार्थकी लागेल.

पावसासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेले साधे, पारदर्शक नळीचे पर्जन्यमापक पुरेसे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. स्वयंचलित संचातली, भरली की कलंडून पाऊस मोजणारी इवलीशी झुलती वाटी कोकणातल्यासारख्या मुसळधार सरीत पाऊस कमी दाखवते, आणि नरसाळ्यात पिंपळाचे एखादे पान अडकले की बाहेर धो धो कोसळत असतानाही आकडा हलत नाही. म्हणून असा संच घेतलात, तरी पडताळणीसाठी नळी ठेवाच.

नवख्यांच्या चुका बहुतेक जागा निवडण्यात होतात:

- तापमापक उन्हात किंवा तापलेल्या भिंतीवर लावू नका. जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या, झडपांच्या आवरणात तो ठेवा.
- पर्जन्यमापक झाड किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे. गच्चीचा कठडा टाळा.
- नोंद रोज सकाळी ८.३० वाजता घ्या. भारतीय हवामान विभागाचा २४ तासांचा पाऊसही त्याच वेळी मोजला जातो, त्यामुळे तुलना करता येते.

वाऱ्याचे मापन पुढच्या वर्षी पाहू.