वाचकांचे प्रश्न : रिंगखाली ‘उभ्या’ केलेल्या मुली

प्रश्न : मी सोलापुरातील एका महिला महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. यंदा प्रथम वर्षाला पाच फूट नऊ आणि पाच फूट दहा इंच उंचीच्या दोन मुली आल्या आहेत. आमच्या बास्केटबॉल संघाला एवढ्या उंचीच्या खेळाडू प्रथमच मिळाल्या. एक अक्कलकोट तालुक्यातील असून शाळेत खो-खो खेळत असे, दुसरी कोणताच खेळ खेळलेली नाही. दोघींना सेंटरच्या (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) जागी उभे केले. परंतु चेंडू हातातून निसटतो, तीन सेकंदांचा नियम (प्रतिस्पर्ध्यांच्या रिंगखालच्या रंगवलेल्या क्षेत्रात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबायचे नाही) वारंवार मोडतो आणि मध्यंतरानंतर थोड्याच वेळात पाच फाउल होऊन त्यांना बाहेर बसावे लागते. मैदान सिमेंटचे व उघड्यावरचे आहे आणि सरावाला सकाळचा दीड तास मिळतो. त्यांना कसे तयार करावे?

उत्तर : आपल्या पत्रात ‘सेंटरच्या जागी उभे केले’ असे शब्द आहेत आणि माझ्या मते अडचणीचे मूळ त्या ‘उभे केले’मध्येच आहे. उंच मुलगी मिळाली की तिला रिंगखाली उभे करून तिच्याकडे चेंडू फेकायचा, ही आपल्याकडच्या अनेक संघांची सवय आहे. पण रिंग ३.०५ मीटरवर असते, म्हणजे पाच फूट दहा इंचांच्या मुलीलाही ती उंचच पडते. तिची उंची कामी येते ती पावले वेळेवर योग्य जागी पडली तरच. म्हणून निदान पहिले दीड-दोन महिने या दोघींनी किती गुण केले ते न मोजता त्यांची पावले पाहावीत.

आरंभ दोन्ही पायांवर एकदम थांबण्यापासून करावा. चेंडू हवेत झेलून दोन्ही पाय एकाच वेळी टेकले, तर नंतर कोणताही पाय पिव्हट (जागेवर रोवून ज्याभोवती वळायचे तो पाय) म्हणून वापरता येतो. एकामागून एक टेकले, तर पहिला पायच पिव्हट ठरतो आणि नवख्या मुलीकडून ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात असताना नियमबाह्य पावले टाकणे) होते ते बहुधा इथेच. यानंतर ड्रॉप स्टेप शिकवावी. पाठीमागची बचावपटू उजव्या खांद्यावर रेलली आहे असे पाठीला जाणवले, की डावा पाय मागे रिंगच्या दिशेने टाकून वळायचे. हे डोळ्यांनी नव्हे, पाठीने ओळखायचे असते. त्यामुळे सरावात पाठीशी खरोखरच कोणीतरी रेलून उभे असले पाहिजे, रिकाम्या मैदानावर ही गोष्ट येत नाही. आपली खो-खोची मुलगी येथे पुढे जाईल, कारण खाली वाकून अंगावर आलेल्या खेळाडूला ऐनवेळी हुलकावणी देणे तिच्या अंगवळणी पडलेले आहे. तिला ‘तू नवीन आहेस’ असे सांगू नये. भारताच्या माजी कर्णधार आणि सेंटर गीतू ॲना जोस यादेखील आधी व्हॉलीबॉल खेळत आणि २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेतील व्यावसायिक महिला लीगच्या संघांसाठी चाचण्या दिल्या.

रिंगजवळच्या शॉटसाठी ‘मायकन ड्रिल’ पुरेशी आहे. रिंगच्या उजवीकडून डाव्या पायावर उडी घेऊन उजव्या हाताने, मग लगेच डावीकडून उजव्या पायावर उडी घेऊन डाव्या हाताने शॉट मारायचा आणि मधल्या वेळात चेंडू हनुवटीच्या खाली येऊ द्यायचा नाही. ज्याच्यावरून हे नाव पडले तो सहा फूट दहा इंचांचा जॉर्ज मायकन १९४२ च्या सुमारास दीपॉल विद्यापीठात आला तेव्हा अगदी अवघडलेला होता, आणि त्याचे प्रशिक्षक रे मायर यांनी त्याला दोरीच्या उड्या, मुष्टियुद्ध आणि चक्क नृत्याचे धडे घ्यायला लावले होते. आपल्याकडे लेझीमही चालेल, आणि हे मी थट्टेने लिहीत नाही.

तीन सेकंदांचा दोष बहुतेक वेळा त्या मुलीचा नसतोच. बाहेरच्या मुली चेंडू घोळवत राहतात आणि ही बिचारी आत वाट पाहत राहते. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना तिने रंगवलेल्या क्षेत्राच्या बाहेर राहावे (रेषेवर पाय असला तरी तो आतच धरला जातो) आणि चेंडू तिच्या बाजूला वळताच एका पावलात जागा घेऊन बचावपटूपासून दूरचा हात पुढे करावा. गार्डने (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूने) पास त्या हातावरच, शक्यतो टप्प्याचा आणि मैदानाच्या मधून नव्हे तर बाजूने द्यावा. चेंडू निसटतो अशी आपली तक्रार आहे. पण मला शंका आहे की पास खांद्यावर किंवा गुडघ्यावर येत असावेत. तेव्हा दीड तासातील वीस मिनिटे गार्ड आणि पोस्ट (रिंगजवळ खेळणाऱ्या मुली) यांना एकत्र द्यावीत, आणि चेंडू निसटला तर पहिला प्रश्न पास देणारीला विचारावा.

फाउल बहुधा हात खाली आणल्यामुळे होतात. बचावात दोन्ही हात सरळ वर ठेवून जागच्या जागी उभी उडी घेण्याचा सराव द्यावा. समोरचीने गुण केला तरी चालेल, हात खाली येता कामा नये. रिबाउंडसाठी (हुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवण्यासाठी) उडीपेक्षा आधी प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन अडवणे महत्त्वाचे आहे. उंच मुली बहुधा लहानपणापासून ‘किती वाढतेस’ हे ऐकून पाठीत वाकलेल्या असतात. त्यांना गुडघ्यांतून वाका, कमरेतून नको, हे रोज सांगावे लागेल.

सिमेंटवर उड्यांची संख्या मात्र आवरावी. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच जास्त आढळते आणि उतरताना गुडघा आत वळणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. खालच्या पायरीवरून उडी टाकून गुडघे पावलांच्या रेषेत ठेवत, आवाज न करता उतरण्याचा सराव दहा मिनिटे आधी घ्यावा. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळीशी सहज ओलांडतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये सराव उजाडताच सुरू करावा. दोघींचे हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. मुलगी दमते तेव्हा ती आळशी आहे असे ठरवण्याआधी ही तपासणी व्हावी. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी घरी असतेच, तिच्या जोडीला मटकीची उसळ किंवा अंडी सांगावीत.

प्रश्न : माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. मला पोस्टवर खेळायचे आहे, पण सर गार्डचाच आग्रह धरतात. काय करू? — एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : दोन्ही शिका. आपल्या महाविद्यालयीन सामन्यांत समोरची सेंटर पुष्कळदा तुमच्याएवढीच असते, आणि पाठीवर प्रतिस्पर्धी घेऊन वळता येणारी गार्ड कोणत्याही सरांना हवीच असते. सराव संपल्यावर पंधरा मिनिटे डाव्या हाताने ले-अप (रिंगजवळ धावत येऊन मारायचा शॉट) मारा आणि महिन्याभराने सरांना ते करून दाखवा.